भोकरदनहून पॉम्पेईला

इटलीतल्या नेपल्स शहराच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्री उभी आहे. अंगावर वस्त्र नाही, पण दागिन्यांना तोटा नाही. पोटऱ्या झाकून टाकणारे वाळे, हात भरून बांगड्या, कमरेला मेखला, गळ्यात हार आणि पाठीवर रुळणारी वेणी. दोन्ही अंगांना शृंगाराचं साहित्य घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी. मूर्तीच्या डोक्यातून खाली गेलेलं एक भोक आहे, त्यावरून अभ्यासकांनी तर्क केला की ही नुसती शोभेची मूर्ती नसावी. ती एखाद्या आरशाची मूठ असेल किंवा छोट्या चौरंगाचा पाय असेल.

ही मूर्ती 1938 मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना मिळाली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे मूर्ती त्या वर्षापूर्वीच तिथे पोहोचलेली होती, याबद्दल शंकेला जागा नाही. एवढी पक्की कालमर्यादा फार थोड्या भारतीय कलावस्तूंना लाभली आहे. ज्या घरात ती सापडली ते घर आता ‘भारतीय मूर्तीचं घर’ म्हणूनच ओळखलं जातं. मूर्तीला सुरुवातीला लक्ष्मी म्हटलं गेलं आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव रूढ झालं. पुढे बऱ्याच अभ्यासकांनी ती यक्षी असावी असं मत दिलं.

ती घडली कुठे? आधी मथुरेचं नाव घेतलं जाई. मग जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खनन झालं आणि तिथे याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तींचे अवशेष हाती आले. ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी पॉम्पेईच्या मूर्तीचं माहेर भोकरदन असावं, असं मत मांडलं. जालना जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मुंबईचा समुद्र गाठायचा तर रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. तरीही दोन हजार वर्षांपूर्वी इथली वस्तू बंदरामागून बंदर करत इटलीला कशी गेली असेल, हे आज आपण बऱ्याच तपशिलात सांगू शकतो. त्या प्रवासात लागणारे किनारे आणि बंदरं यांची ही ओळख.

भोगवर्धन

जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून उत्तरेला गेलं की केळना नदीच्या काठी भोकरदन लागतं. आजचं हे तालुक्याचं गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं त्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे रहिवासीही आहेत. शेकडो किलोमीटर दूरच्या स्तूपासाठी पैसे पाठवू शकणारी माणसं या गावात होती, हे त्यातून कळतं. अशी माणसं बहुधा व्यापार आणि कारागिरीवर सधन झालेली असत.

नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी 1973 च्या सुमारास इथे संयुक्त उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल 1974 मध्ये प्रसिद्ध केला. सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती, नाणी, मातीच्या मूर्ती आणि मौल्यवान खड्यांचे मणी असा ऐवज त्यातून पुढे आला. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत अकीक, गोमेद, गारगोटी अशा जातीचे दगड तयार होतात. त्यांना पैलू पाडणं, भोकं पाडणं, झिलई देणं हा इथल्या कारागिरांचा जुना उद्योग. हस्तिदंताचं कोरीवकामही त्याच हातांच्या नात्यातलं. दोन्हींत माल लहान, हलका आणि किमतीला भारी. ज्याला हजारो किलोमीटर जायचं आहे, त्या मालाला हे तीन गुण हवेतच.

भोगवर्धन एकटं नव्हतं. गोदाकाठी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, ही सातवाहनांची राजधानी. आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे तेव्हाचं तगर. तेरलाही एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आणि तिचं पॉम्पेईच्या मूर्तीशी साम्य आहे. पैठण, तेर, भोकरदन ही सगळी गावं एका व्यापारी जाळ्याच्या गाठी होत्या, आणि त्या जाळ्याचं टोक समुद्राला टेकलेलं होतं.

बैलगाडीचे वीस दिवस

या समुद्रमार्गाची सर्वांत जिवंत माहिती एका छोट्या ग्रीक पुस्तकात आहे. त्याचं नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ते लिहिलं. लेखकाचं नाव माहीत नाही, पण माणूस अनुभवी होता हे पानोपानी जाणवतं. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, कुठे धोका आहे, कुठला राजा कडक आहे, एवढंच तो सांगतो. आज क्रूझ कंपन्या प्रवाशांना बंदरवार माहितीपत्रक देतात. पेरिप्लस हे व्यापाऱ्यांसाठीचं तसंच माहितीपत्रक होतं, फक्त त्यात सूर्यास्ताच्या वर्णनाऐवजी मालाच्या याद्या होत्या.

पेरिप्लसमध्ये मराठवाडा आहे. भरुचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला साधारण दहा दिवसांवर तगर, असं त्यात लिहिलं आहे. पैठणहून गोमेद जातीचा दगड भरपूर येतो आणि तगरहून जाडंभरडं कापड, तलम मलमल आणि इतर कापड येतं. हा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भरुचला आणतात, असंही तो नोंदवतो. भोकरदन पैठणच्या उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगराकडे. त्यामुळे इथला माल अजिंठ्याच्या रांगेतून खानदेशात उतरून, तापीचं खोरं धरून भरुचकडे जाणं सोयीचं.

दुसरी वाट पश्चिमेची. पैठणहून जुन्नर, तिथून नाणेघाट उतरून कल्याण किंवा सोपारा. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही दाखवतात. नकाशावर पाहिलं तर मराठवाड्याला कल्याण भरुचपेक्षा जवळ. मग व्यापारी वीस दिवसांची वाट का पत्करत होते?

याचं उत्तरही पेरिप्लसच देतो. थोरल्या सारगनस राजाच्या, म्हणजे कुणा सातकर्णीच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापारी बंदर होतं. पुढे सत्ता बदलली आणि तिथे अडवणूक सुरू झाली. एखादं ग्रीक जहाज चुकून कल्याणला लागलंच, तर त्याला पहारा देऊन भरुचला नेत. भरुच तेव्हा नहपान या क्षत्रप राजाच्या ताब्यात होतं. शत्रूच्या बंदराची नाकेबंदी करायची, गिऱ्हाईक आपल्या बंदराकडे वळवायचं आणि जकात आपल्या तिजोरीत भरायची, हे राजकारण दोन हजार वर्षांपूर्वीही असंच चालत होतं. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे 1906 मध्ये नहपानाच्या 13 हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. शत्रूचा पैसा वितळवण्याचाही खटाटोप त्याने केला नाही. नाव बदललं आणि नाणं चालू ठेवलं.

राज्यं भांडत असली तरी वाट चालू ठेवण्याची काळजी घेतली जात होती. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात लेख कोरवून घेतला आहे. भरुच, सोपारा वगैरे ठिकाणी आपण धर्मशाळा बांधल्या आणि तापी, दमण, डहाणू इथल्या नद्यांवर फुकट नावांची सोय केली, असं तो सांगतो. वाटेत नदी आडवी आली की गाडी अडते आणि व्यापार बुडतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

भरुच: भरतीशी झुंज

भरुच नर्मदेच्या मुखाजवळ वसलेलं आहे. पेरिप्लसच्या लेखकाने या बंदराइतकं तपशीलवार दुसऱ्या कुठल्याच बंदराबद्दल लिहिलेलं नाही. त्याचं कारण भीती. खंबातच्या आखातात देशातली सर्वांत मोठी भरती येते. काही ठिकाणी भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. आखाताचं तोंड रुंद आणि आतला भाग निमुळता व उथळ, त्यामुळे आत शिरणारं पाणी चेपलं जाऊन वर चढतं. नदीच्या मुखात हे पाणी भिंतीसारखं उभं राहून आत धावतं. पेरिप्लसमध्ये त्या आवाजाचं, उलट्या वाहणाऱ्या नदीचं आणि वाळूच्या दांड्यांवर आपटून आडव्या होणाऱ्या जहाजांचं वर्णन आहे.

यावर तिथल्या राजाने केलेली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. राजाच्या नोकरीतले कोळी ‘त्राप्पग’ आणि ‘कोटुंब’ नावाच्या मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात. येणाऱ्या परदेशी जहाजाला गाठून ते दोर बांधत आणि भरतीची वेळ साधून वाळूच्या दांड्यांमधून ओढत नेत. ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकायचा, पुन्हा भरती आली की पुढे निघायचं. मोठ्या जहाजांना आत आणायला आजही बंदरावर वाटाड्या कप्तान लागतो. त्या कामाची इतकी जुनी आणि इतकी स्पष्ट नोंद क्वचितच मिळते, आणि तिचे मानकरी आपल्या पश्चिम किनाऱ्याचे कोळी आहेत.

भरुचला उतरणाऱ्या मालाची यादीही मोठी रंजक आहे. द्राक्षाची दारू, त्यातही इटलीची पहिल्या पसंतीची. तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, कापड, सोन्याचांदीची नाणी. राजासाठी वेगळा नजराणा: चांदीची भांडी, गाणारी मुलं, देखण्या दासी, उंची मद्य, अत्तरं. इथून बाहेर जाणाऱ्या मालात जटामांसी, गुग्गुळ, अकीक, सुती कापड, रेशीम, पिंपळी आणि हस्तिदंत. हस्तिदंताचं नाव त्या यादीत स्पष्ट आहे.

वाऱ्याचं वेळापत्रक

आता समुद्र. अरबी समुद्र ओलांडायचा तर वाऱ्याचं वेळापत्रक पाळावं लागे. उन्हाळ्यात आशिया खंडाची जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून वारे आत ओढले जातात. हेच आपले नैऋत्य मोसमी वारे, ज्यांच्यावर मराठवाड्याची कपाशी आणि तूर अवलंबून असते. हिवाळ्यात जमीन थंड पडते आणि वारे उलट्या दिशेने, ईशान्येकडून समुद्राकडे वाहू लागतात. जूनपासून भारताकडे ढकलणारा वारा, नोव्हेंबरपासून भारतापासून दूर नेणारा वारा. मोसमी वाऱ्याने शेतकऱ्याचं आणि खलाशाचं वर्ष एकाच वेळी बांधून टाकलं होतं.

इजिप्तहून निघणारी जहाजं जुलैमध्ये निघत, असं पेरिप्लस सांगतो. पावसाळ्याच्या ऐन भरात भारताचा किनारा खवळलेला असतो, म्हणून तो ओसरू लागताना इकडे पोहोचायचं, असा हिशोब. परतीसाठी रोमन लेखक प्लिनीने डिसेंबर किंवा फार तर जानेवारीच्या मध्यापूर्वीचा मुहूर्त दिला आहे. त्यामुळे त्याच वर्षात घरी पोहोचता येई. मुहूर्त चुकला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत मुक्काम. मराठवाड्यातल्या गाडीवानालाही हे गणित पाळावं लागत असणार. पावसाळ्यात काळ्या चिखलातून गाड्या हलत नाहीत. वाटा सुकल्या की निघायचं आणि हिवाळ्याचा वारा सुटलेला असताना माल बंदरात पोहोचवायचा.

प्लिनीने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. चाच्यांच्या भीतीने जहाजांवर तिरंदाजांच्या तुकड्या ठेवाव्या लागत. समुद्रप्रवास म्हणजे जोखीम, आणि जोखमीची किंमत मालावर चढणारच.

सोकोत्राची गुहा, बेरेनिकेची वाळू

भरुच सोडलं की अरबस्तानच्या दक्षिणेला, आफ्रिकेच्या शिंगासमोर सोकोत्रा बेट लागतं. पेरिप्लसमध्ये तिथे अरब, भारतीय आणि काही ग्रीक व्यापारी राहत असल्याचा उल्लेख आहे. बराच काळ हा उल्लेखच तेवढा होता. मग 2000-01 च्या सुमारास बेल्जियन शोधपथकाला तिथल्या होक नावाच्या गुहेत, आत खोल अंधारात, दोनशेच्या घरात लेख सापडले. बहुतेक ब्राह्मी लिपीत. काही कोळशाने, काही मातीने लिहिलेले. लिहिणारे भारतीय खलाशी आणि व्यापारी, आणि त्यांत भरुचचे लोक ठळक आहेत. मजकूर मोठा नाही. अमक्याचा मुलगा अमका इथे आला, एवढाच. गडावरच्या दगडावर आपलं नाव कोरणाऱ्या पर्यटकांना आपण नावं ठेवतो, पण या नावांनी इतिहासाचा एक कोरा भाग भरून काढला.

सोकोत्राहून तांबड्या समुद्रात शिरायचं. या समुद्राच्या उत्तर भागात जवळपास वर्षभर उत्तरेचा वारा असतो. समोरून येणाऱ्या वाऱ्यात शिडाची जहाजं रडतखडत पुढे सरकतात. म्हणून इजिप्तच्या राज्यकर्त्यांनी दक्षिणेकडे, निर्जन वाळवंटाच्या कडेला, बेरेनिके हे बंदर वसवलं. पिण्याचं गोडं पाणीही तिथे सहज मिळत नव्हतं. जागा निवडली ती केवळ वाऱ्यामुळे.

बेरेनिकेला 1994 पासून उत्खनन चालू आहे आणि तिथे भारत जागोजाग सापडतो. एका देवळात भारतीय बनावटीच्या माठात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. जुन्या जहाजांचं सागवान इमारतींना वापरलेलं आढळलं. सागवान इजिप्तमध्ये होत नाही, ते आपल्याकडचं. अलीकडे इसिस देवीच्या देवळाच्या परिसरात बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. 2023 मध्ये या शोधाची घोषणा झाली तेव्हा सोबत आणखी एक बातमी होती: त्याच ठिकाणी सातवाहनांची दोन नाणी मिळाली होती. पैठणच्या राजांचं नाणं तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर! नाणं कुणाच्या तरी कनवटीला होतं, म्हणजे ते घेऊन जाणारा माणूस दख्खनशी व्यवहार करणारा होता, एवढं तरी नक्की म्हणता येतं.

वाळवंट, नाईल, अलेक्झांड्रिया

बेरेनिकेला माल उतरला की उंटांवर लादून वाळवंटातून नाईलकाठच्या कोप्तोसला न्यायचा. प्लिनीच्या हिशोबाने हे बारा दिवस. उन्हामुळे बहुतेक चाल रात्री, आणि मुक्काम विहिरींच्या ठिकाणी. कोप्तोसहून नाईलच्या पात्रातून होडीने अलेक्झांड्रिया. त्या काळात भूमध्य समुद्रावरचं ते सर्वांत गजबजलेलं बंदर होतं. फारोसचा प्रसिद्ध दीपस्तंभ, ग्रंथालयाची कीर्ती, ग्रीक, इजिप्शियन, ज्यू, अरब अशी सरमिसळ वस्ती. तिथे भारतीय लोकही दिसत, अशी नोंद पहिल्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक वक्त्याने केली आहे.

रोमन सरकारने इथे आपला हात मारून घेतला होता. पूर्वेकडून येणाऱ्या मालावर किमतीचा चौथा हिस्सा, म्हणजे 25 टक्के जकात. दुसऱ्या शतकातला एक पपायरसवरचा करार आज व्हिएन्नात आहे. त्यात मुझिरिसच्या, म्हणजे केरळच्या प्रवासासाठी घेतलेल्या कर्जाच्या अटी आहेत. मागच्या बाजूला ‘हर्मापोलॉन’ या जहाजातून आलेल्या मालाचा हिशोब आहे आणि त्या मालात हस्तिदंत आहे. कर्जदार, सावकार, उंटवाले, होडीवाले, गोदाम, मोहोर, जकात हे सगळं त्या एका कागदात सापडतं. पॉम्पेईच्या मूर्तीमागे उभी असलेली यंत्रणा साधारण अशीच होती.

हा व्यापार केवढा होता? पहिल्या शतकाच्या सुरुवातीला भूगोलकार स्ट्रेबोने इजिप्तच्या मायोस होर्मोस या एकाच बंदरातून वर्षाला 120 जहाजं भारताकडे जातात असं लिहिलं. प्लिनीने तर तक्रारच केली की भारत आपल्या साम्राज्यातून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. आकड्यात नीतिवाद्याची अतिशयोक्ती असेल, पण त्याचा सूर खोटा नव्हता. रोमन श्रीमंतांना पूर्वेच्या वस्तूंची चटक लागली होती आणि त्या वस्तूंचा मोबदला सोन्याचांदीत द्यावा लागत होता.

अलेक्झांड्रियाहून इटलीला जाणारी मोठी जहाजं नेपल्सच्या उपसागरातल्या पुतेओली बंदराला लागत. तेच आजचं पोत्सुओली. तिथून उपसागराच्या पलीकडच्या अंगाला पॉम्पेई. प्रवास संपला.

पुराव्याची मर्यादा

नेमकी हीच मूर्ती याच वाटेने गेली, याची पावती कुणापाशी नाही. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्य भारताची लिपी. त्यामुळे मूर्ती वायव्येकडे घडली असावी किंवा तिकडून गेली असावी, असं काही अभ्यासक मानतात. क्षत्रपांचं मूळ वायव्येकडचं आणि त्यांच्या पदरी खरोष्ठी जाणणारी माणसं होती, हेही खरं. त्यामुळे भरुचमार्गे गेलेल्या दख्खनी वस्तूवर असं अक्षर उमटणं अशक्य नाही. भोकरदनला मिळालेल्या मूर्तींची घडण, तेरची मूर्ती, पेरिप्लसमधली पैठण ते भरुच वाट आणि निर्यातीच्या यादीतलं हस्तिदंत, हे चार धागे एकत्र पाहिले की भोकरदनचा दावा वजनदार ठरतो. मूर्तीचं मूळ गाव पुढे दुसरं निघालं, तरी भोगवर्धनचे कारागीर याच धाटणीचं काम करत होते, हे उत्खननाने दाखवलेलं आहे आणि ते कुणी पुसू शकत नाही.

समुद्र परत येतो

वाट एकतर्फी नव्हती. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली. सह्याद्रीच्या पूर्वेला, समुद्रापासून दूर असलेल्या गावात समुद्राचा देव! कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावं आहेत. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. राजधानी गोदावरीकाठी, आणि नाण्यावर जहाज. आपलं उत्पन्न कुठून येतं याची जाण असलेल्या राजाचं हे नाणं आहे.

पुढे रोमची मागणी घटली, सत्ता बदलल्या, खाड्या गाळाने भरल्या. सोपाऱ्याचं बंदर बुजलं, बेरेनिके वाळूत गेलं. जालन्याच्या मुलखात समुद्रापारची माणसं ठळकपणे पुन्हा दिसली ती 23 सप्टेंबर 1803 रोजी. भोकरदनची तीच केळना नदी ओलांडून आर्थर वेलस्लीने असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढाई केली. या खेपेला समुद्रावरून आलेल्या जहाजांनी गोमेद आणि मलमल नेली नाही, राज्यच नेलं.

आज चित्र पुन्हा बदलत आहे. ‘जालना सोने का पालना’ म्हणवणारं हे शहर आता पोलाद आणि बियाण्यांसाठी ओळखलं जातं, आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. जवाहरलाल नेहरू बंदराचा ड्राय पोर्ट जालन्याजवळ उभारायचं काम 2015 मध्ये भूमिपूजनाने सुरू झालं. माल इथेच कंटेनरमध्ये भरायचा, सीमाशुल्काचे सोपस्कार इथेच उरकायचे आणि कंटेनर थेट बंदरावर पाठवायचा, ही त्यामागची कल्पना. जालन्यावरून जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. पेरिप्लसमधल्या वीस दिवसांच्या जागी आता काही तास आले आहेत.

भूगोलाच्या पुस्तकात बंदराच्या मागच्या मुलखाला पृष्ठप्रदेश म्हणतात. बंदर पाहायला जाणारा माणूस दीपस्तंभ, धक्का, जुनी बाजारपेठ आणि देवळं-मशिदी पाहतो. पण त्या बाजारपेठेत विकायला काय होतं आणि ते कुठून येत होतं, हे विचारलं की उत्तर समुद्रापासून दूरच्या गावांत सापडतं. भरुचची श्रीमंती पैठण, तेर आणि भोगवर्धनच्या कारागिरांच्या हातांवर उभी होती. किनाऱ्याने जगाला जोडलं, हे खरंच, पण जोडायला काही असावं लागतं आणि ते दख्खनच्या पठाराने पुरवलं.

आता मराठवाड्यातूनही लोक युरोपच्या सहलीला जातात, कुणी भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जातात. अशा क्रूझचं नेपल्स हे नेहमीचं बंदर, आणि पुरातत्त्व संग्रहालय धक्क्यापासून दोनेक किलोमीटरवर. बहुतेक प्रवासी बसमध्ये बसून पॉम्पेईचे अवशेष पाहतात आणि परततात. तुम्ही तिथे गेलात तर संग्रहालयासाठी दोन तास राखून ठेवा आणि त्या हस्तिदंती मूर्तीची चौकशी करा. ती तिथल्या ‘गुप्त दालन’ म्हटल्या जाणाऱ्या विभागात आहे. जाण्याआधी एकदा मुलांना घेऊन भोकरदनला जा, केळनेच्या काठावरचं लेणं पाहा, पुढे पैठण आणि तेर करा. तेरच्या संग्रहालयात त्या काळचा ऐवज डोळ्यांसमोर मांडून ठेवला आहे आणि तो पाहायला पासपोर्ट लागत नाही.